लिटररी टर्म्सची उजळणी कशी करायची?

परीक्षा जवळ आली की इंग्रजी साहित्य शिकणारी मुलं आणि त्यांचे पालक मला हमखास विचारतात, लिटररी टर्म्सची, म्हणजे उपमा, अनुप्रास अशा साहित्यातल्या संज्ञांची, तयारी कशी करायची? व्याख्या पाठ होतात, पण समोर नवी कविता आली की काहीच सुचत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

संज्ञांची यादी आधी बाजूला ठेवा आणि एखादी छोटी, आवडलेली कविता घ्या. ती मोठ्यानं वाचा. प्रत्येक ओळीपाशी थांबून कवीनं इथे काय केलंय, ते आधी स्वतःच्या शब्दांत सांगा, नाव मग शोधा. नुसती व्याख्या घेऊन कवितेकडे गेलेलं मूल 'लाइक' किंवा 'ॲज' शोधत बसतं आणि 'शी वर्क्स ॲज अ टीचर' या साध्या वाक्यातही त्याला सिमिली, म्हणजे उपमा, दिसते.

रॉबर्ट फ्रॉस्टची 'स्टॉपिंग बाय वुड्स ऑन अ स्नोई ईव्हनिंग' ही 1923 साली प्रसिद्ध झालेली कविता मी उजळणीला नेहमी घेते. आहेत सोळाच ओळी, पण त्यांत शिकण्यासारखं केवढं तरी आहे. राईम स्कीम, म्हणजे यमकांची रचना, काढायला सांगितली की मुलं पहिल्या कडव्याला 'अ अ ब अ' लिहून मोकळी होतात. पण तिसरी ओळ एकटी पडलीय, तिचं काय? तिच्या शेवटी 'हिअर' आहे. आता दुसरं कडवं वाचा: 'क्विअर', 'निअर', 'यिअर'. त्या एकट्या ओळीनंच पुढच्या कडव्याचं यमक ठरवलं! दुसऱ्या कडव्यातली एकटी ओळ 'लेक'वर संपते, लगेच तिसऱ्यात 'शेक', 'मिस्टेक', 'फ्लेक' येतात. तिथून 'स्वीप' सुटतो तो चौथ्या कडव्यात, आणि तिथे मात्र चारही ओळी एकाच यमकावर येतात. एकही ओळ सुटी राहत नाही, साखळी थांबते, कविताही थांबते. किती सुंदर बांधणी आहे ही!

शिवाय शेवटी 'अँड माइल्स टू गो बिफोर आय स्लीप' ही ओळ दोनदा येते. पहिल्यांदा वाचताना वाटतं, वाट अजून बरीच उरलीय, झोपायला वेळ आहे. तेच शब्द लगेच पुन्हा आले की 'स्लीप' नुसती झोप राहत नाही, बऱ्याच वाचकांना तिथे मृत्यू जाणवतो. रिपिटिशन आणि सिम्बॉल या दोन संज्ञा एकदा अशा भेटल्या की पुन्हा पाठ कराव्या लागत नाहीत.

अलिटरेशन, म्हणजे अनुप्रास, कानानं शोधा. मराठीत तो नजरेलाही सापडतो, इंग्रजीत स्पेलिंग दगा देतं. 'कॅट' आणि 'सिटी' एकाच अक्षरानं सुरू होतात, पण अलिटरेशन होत नाही. 'फोन' आणि 'फिश' वेगळ्या अक्षरांनी सुरू होऊनही होतं. म्हणून मोठ्यानं वाचा म्हणते. ऑनोमॅटोपिया, म्हणजे आवाजाची नक्कल करणारे शब्द, तर मनात वाचून कळणं अवघडच.

गोंधळ होतो तो जोड्यांचा. राजसत्तेला 'क्राउन' म्हटलं तर ती मेटोनिमी, कारण मुकुट राजाशी जोडलेला आहे, पण त्याच्या देहाचा भाग नाही. खलाशांना 'हँड्स' म्हटलं तर सिनेक्डकी, कारण हात माणसाचाच अवयव आहे. पर्सोनिफिकेशन (निर्जीवाला माणसाचे गुण देणं) आणि अपॉस्ट्रफी (समोर नसलेल्याला किंवा निर्जीवाला थेट उद्देशून बोलणं) यांचं मात्र एकाच ओळीत छान जमतं. जॉन डन 'डेथ, बी नॉट प्राउड' म्हणतो तेव्हा मृत्यूला माणसासारखा गर्वही चिकटवतो आणि त्याला समोर उभं करून सुनावतोही. अशा ठिकाणी दोन्ही नावं कारणांसकट लिहावीत. हायपरबोली (अतिशयोक्ती) आणि ऑक्सिमोरॉन (परस्परविरोधी शब्दांची जोडी) यांवर फार वेळ घालवू नका, ते बहुतेकांना येतं.

गुण जातात ते संज्ञा ओळखल्यावर तिचा कवितेत काय परिणाम होतो, ते लिहिताना. वर्ड्‌स्वर्थच्या डॅफोडिल्सची 'टॉसिंग देअर हेड्स इन स्प्राइटली डान्स' ही ओळ घ्या. 'पर्सोनिफिकेशनमुळे कविता सुंदर होते' हे वाक्य कुठल्याही कवितेखाली खपेल, म्हणून ते लिहूच नका. फुलांना माना आहेत, ती उत्साहानं नाचताहेत, त्यामुळे कवितेत ढगासारख्या एकट्या भटकणाऱ्या माणसाला अचानक सोबत मिळते, असं लिहा. हे त्या ओळीबद्दलच बोलणं झालं, आणि तपासणाऱ्यालाही तेच हवं असतं.

यादी काढायची ती अगदी शेवटी. प्रत्येक संज्ञेपुढे तुम्हाला स्वतःला सापडलेली एक ओळ लिहा, पुस्तकातली तयार उदाहरणं नकोत. जिच्यापुढची जागा रिकामी राहील, तिच्यासाठी आणखी एक कविता वाचायला घ्या.