मिनिटभराचं शिल्प

गेल्या रविवारी मोरीतली निळी बादली डोक्यावर पालथी घालून आणि दुसरीत पाय घालून मी हॉलमध्ये उभा होतो. आई म्हणाली, "बरं नाही का रे वाटत?" मी आतून म्हणालो, "शिल्प आहे हे." आवाज असा घुमला की क्षणभर मलाही पटलं.

कल्पना माझी नाही, एर्विन वुर्म यांची. ऑस्ट्रियाचे शिल्पकार, जन्म १९५४. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी 'वन मिनिट स्कल्प्चर्स' सुरू केली. चौथऱ्यावर बादली, खुर्ची, संत्री असलं घरगुती काहीतरी आणि त्यासोबत एक चित्र नि सूचना. बघायला आलेल्यानेच वर चढायचं आणि सांगितलंय तसं मिनिटभर निश्चल राहायचं. एका फोटोत तर एक जण नाकपुड्यांत ॲस्परॅगसचे कोंब खोचून गंभीर चेहऱ्याने बसलाय. मिनिट संपलं की शिल्प संपलं. मागे उरला तर फोटो.

मिनिट केवढं मोठं असतं, हे बादलीत कळतं. पहिले दहा सेकंद हसू येतं. मग साबणाचा आणि ओल्या फडक्याचा वास. मग नेमकं नाक खाजायला लागतं. आई कोथिंबीर निवडत होती, तो हात थांबल्याचंही ऐकू आलं.

वुर्म यांची टम्म पुरीसारखी फुगलेली मोटारगाडी जास्त गाजली. मला ती एकदा हसून सोडून देण्यासारखी वाटते. त्यांचं २०१० सालचं अरुंद घर मात्र डोक्यातून जात नाही. आईवडिलांचं घर त्यांनी दोन्ही बाजूंनी दाबून जेमतेम मीटरभर रुंदीचं केलं. लांबी-उंची खऱ्या घराचीच, पण आतला पलंग, टेलिफोन, अगदी कमोडसुद्धा चेपलेला. लहानपणीच्या घरात मोठेपणी शिरलं की सगळीकडे खांदे घासतात, ते त्यांनी बांधूनच ठेवलंय. (आमच्या जुन्या चाळीत संडासाला जाताना हे मुद्दाम करावं लागत नसे.)

पण मला सगळ्यात आवडतात ती १९९० च्या आसपासची धुळीची शिल्पं. चौथऱ्यावर वस्तू ठेवायची, भोवती धूळ पसरायची आणि वस्तू उचलून घ्यायची. उरते ती फक्त न पडलेल्या धुळीची जागा.

तर त्याच रविवारी सकाळी आमचा जुना टीव्ही भंगारवाल्याने नेला होता. शोकेसवर काळसर धुळीच्या मधोमध एक लख्ख चौकोन, मागच्या बाजूला वायरीची वळणदार रेघ. चौदा वर्षांचं काम, कुणीही न केलेलं. बादलीतून डोकं काढलं तेव्हा पहिलं तेच दिसलं. मी फोन शोधायला आत पळालो.

"झालं असेल शिल्प तर घेते ती बादली," आई म्हणाली.

परत आलो तेव्हा ती फडकं पिळत होती.