चौथी बरणी: चिखल नाही, स्फटिक!

मंडळी, तांबं चमकलं! मोरचुदातून (कॉपर सल्फेट) लोखंडी खिळ्यांच्या मदतीने तांब्याचे स्फटिक वाढवायचा माझा घरगुती प्रयोग अखेर जमला. नऊ दिवस लागले, पण चौथ्या बरणीत टाचणीच्या डोक्याएवढे चार लखलखीत स्फटिक आलेत. भिंगाखाली सपाट पैलू स्वच्छ दिसतात. दर तासाला जाऊन बघतोय.

पहिल्या तीन बरण्यांचं रडगाणं तुम्ही ऐकलंच आहे. तळाशी मोरचूद, त्यावर, तांबं सावकाश वर यावं म्हणून, बारीक मिठाचा थर, फिल्टर पेपर, त्यावर संपृक्त मिठाचं पाणी आणि खिळे. दर वेळी हाती काय, तर काळपट चिखल. मी आधी मिठाला दोष दिला आणि थर दुप्पट केला. मग पेपरला, मग डगमगत्या टेबलाला. खिळ्यांवर संशय आलाच नाही, कारण पाकिटावर ‘लोखंडी’ छापलं होतं.

शेवटी वैतागून एक खिळा पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला. जोरात फसफसला आणि थोड्या वेळाने एकदम थंडावला. वर जस्ताचा मुलामा! विद्युत दाबाचं अंतर जितकं मोठं, तितका तांबं उतरण्यामागचा जोर जास्त: लोखंड-तांब्यात ०.७८ व्होल्टचं अंतर, जस्त-तांब्यात १.१०. जस्तावर तांबं इतक्या घाईने उतरतं की अणूंना रांगेत बसायला उसंतच नाही. ‘गॅल्वनाइज्ड’ छापायला त्या विक्रेत्याला कितीशी शाई लागली असती? चौथ्या बरणीत मुलामा उतरवलेले खिळे वापरले, बाकी काहीच बदललं नाही.

पाचवीत मिठाचा थर तिप्पट करणार होतो. पण थांबा, लिहिता लिहिताच सुचलं: स्फटिक खिळ्याला चिकटलेले नाहीत, खिळ्यातून निघालेल्या तांब्याच्या फांदीच्या टोकाला आहेत. म्हणजे लोखंड विरघळतंय एकीकडे, इलेक्ट्रॉन धातूतून जाऊन तांबं बसतंय दुसरीकडे. मग लोखंड त्याच बरणीत हवं कशाला?

तिप्पट थर रद्द. खिळा वेगळ्या ग्लासात मिठाच्या पाण्यात, तांब्याची तार मोरचुदात, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेली कागदाची पट्टी, आणि खिळा-तार जोडायला १ किलोओहमचा रेझिस्टर (प्रवाहाला अडवणारा विद्युत भाग). प्रवाह फार तर पाऊण मिलिअँपिअर, म्हणजे फॅरेडेच्या हिशोबाने (किती वीज वाहिली, त्यावरून किती धातू बसला) दिवसाला जेमतेम वीसेक मिलिग्रॅम तांबं. चिखल झालाच तर रेझिस्टर वाढवायचा.

जुन्या बरण्यांतलं निळं पाणी मोरीत ओतलेलं नाही. उरलेलं तांबं बाहेर काढायला त्यात स्टील वूल (लोखंडाच्या बारीक तारांचा गुंता) टाकून ठेवलंय. दोन फिकट हिरव्या झाल्यात, तिसरी अजून निळीच आहे.