वादी नत्रूनचे मठ: कैरोहून एका दिवसात

कैरोत पिरॅमिड दाखवतो म्हणणारे पावलोपावली भेटतात. मठ दाखवणारा शोधावा लागतो. हॉटेलच्या टूर डेस्कवर मी कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या, मठांचं नाव काढलं, तर तिथल्या मुलाने तांबड्या समुद्राकडच्या सेंट अँथनी आणि सेंट पॉल मठांची सहल पुढे केली. ते मठ मोठ्या मानाचे, पण जाण्या-येण्यातच दिवस संपतो. आम्हाला जायचं होतं वादी नत्रूनला. कैरोहून अलेक्झांड्रियाकडे जाणाऱ्या वाळवंटी महामार्गाने साधारण शंभर किलोमीटर. ममी वाळवण्यासाठी जो क्षार लागायचा, तो इथल्याच तळ्यांतून जायचा. चौथ्या शतकात इथे ख्रिस्ती संन्यासी येऊन राहिले. त्यांच्या कितीतरी मठांपैकी आता चार नांदते आहेत: बरामूस, सुर्यान, अन्बा बिशोय आणि अबू मकार.

ओळखीतून एक कॉप्टिक गाइड मिळाला. मनगटावर छोटा क्रूस गोंदलेला. त्याने पैशांच्या आधी तारीख विचारली, कारण सगळं गणित उपवासांचं. कॉप्टिक ख्रिसमस ७ जानेवारीला असतो आणि त्याआधीचा उपवास २५ नोव्हेंबरला सुरू होतो. म्हणजे आपली मंडळी इजिप्तला जातात नेमके तेच दिवस. पुढे ईस्टरआधीचा ५५ दिवसांचा मोठा उपवास. या काळात काही मठ पाहुण्यांना दार उघडत नाहीत. म्हणून आम्ही जानेवारीचा उत्तरार्ध धरला. शुक्रवारही टाळला, कारण सुट्टीच्या दिवशी गावोगावच्या चर्चमधून भाविकांच्या बसगाड्या येतात. गाइडच्या सूचना मोजक्याच होत्या: पासपोर्ट जवळ ठेवा, हातपाय झाकलेले असू द्या, स्वेटर विसरू नका. शेवटची मी हसण्यावारी नेणार होते, पण जानेवारीत वाळवंटातला सकाळचा वारा चांगलाच झोंबतो.

वाटेत त्याला विचारलं, तुमच्या उपवासाला काय चालतं? मांस, दूध, अंडी, तूप काही नाही. कडधान्यं आणि भाज्या चालतात, आणि असे दिवस वर्षात दोनशेच्या वर. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’वाल्या आम्ही दोघांनी विषय बदलला.

आधी अन्बा बिशोय. आत शिरताना डोळ्यांत भरते ती तटबंदी. पाचव्या शतकात वाळवंटी टोळ्यांनी हे मठ वारंवार लुटले. एका हल्ल्यात एकोणपन्नास वृद्ध संन्यासी मारले गेले, आणि मारेकऱ्यांनी तलवारी धुतल्या ती विहीर म्हणून इथली एक विहीर आजही दाखवतात. नवव्या शतकात उंच भिंती उठल्या. पण खरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे आतला बुरूज, अरबीत ‘कस्र’. त्याला तळमजल्यावर दारच नाही. समोरच्या इमारतीवरून लाकडी पूल टाकायचा, वरच्या मजल्यावरून आत जायचं आणि पूल ओढून घ्यायचा. आत विहीर, धान्याची कोठारं आणि वर प्रार्थनास्थळ. आमच्या ह्यांना गड-किल्ल्यांचा नाद. ते पुलाच्या साखळ्या बघण्यात असे रमले की अबूनांना थांबावं लागलं. (मठवासीयांना ‘अबूना’ म्हणजे ‘आमचे वडील’ म्हणायचं, गाइडने गाडीतच बजावलं होतं.)

कॉप्टिक चर्चचे प्रमुख पोप शेनूदा तिसरे यांना १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष सादात यांनी पदावरून दूर करून याच मठात धाडलं. १९८५ पर्यंत ते इथेच होते. २०१२ मध्ये त्यांचं दफनही इथेच झालं. समाधीपाशी बायका चिठ्ठ्या ठेवत होत्या आणि आमचा इतका वेळ बडबडणारा गाइड तिथे बराच वेळ काही बोलला नाही.

सुर्यान मठ तिथून चालत जाण्याइतका जवळ. एकच मठ बघायला मिळणार असेल तर हा बघा. चर्चमध्ये बूट काढून जायचं. आपल्याला ते सांगावं लागत नाही. गाभाऱ्यापुढे दहाव्या शतकाच्या सुरुवातीचं उंच दार आहे, काळ्या लाकडात हस्तिदंताचं जडावकाम. त्याच्या सात ओळी म्हणजे ख्रिस्ती धर्माची सात युगं, असं गाइड ठामपणे सांगतो. मला हा अर्थ मागाहून चिकटवलेला वाटतो. कारागिरी त्याच्याविनाही थक्क करते. १९८८ च्या आगीनंतर वरचा गिलावा निघाला आणि खालची जुनी भित्तिचित्रं उजेडात आली. ती पाहताना मान अवघडते.

पण मला आवडली ती करमाफीची गोष्ट. दहाव्या शतकात मठाधिपती मोझेस मठवासीयांवरचा कर माफ करून घ्यायला बगदादला खलिफाच्या दरबारी गेला. काम तर झालंच, पण ९३२ मध्ये परतला तो अडीचशे सिरियाक (पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांची जुनी भाषा) हस्तलिखितं घेऊन. सरकारी कामाला जाऊन ग्रंथालय घेऊन येणारा माणूस! एकोणिसाव्या शतकात मठातली शेकडो हस्तलिखितं लंडनला गेली. इसवी सन ४११ ची तारीख असलेली एक पोथीही या मठातूनच तिकडे पोहोचली.

आम्ही भारतातले हे कळल्यावर तिथल्या अबूनांनी लगेच ‘केरळ?’ असं विचारलं. तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चशी यांचं धर्मनातं आहे, आणि सिरियाक प्रार्थना केरळात अजून गायल्या जातात. मुंबई म्हटल्यावर त्यांची थोडी निराशा झालेली दिसली. तरीही चहा मिळाला, आणि क्रूसाचा शिक्का उमटवलेला गोल ताजा पाव.

बरामूसला जेमतेम अर्धा तास मिळाला. प्रार्थनेची वेळ झाली आणि आम्हाला नम्रपणे बाहेर काढलं. अबू मकार राहिलाच, त्यासाठी आधी परवानगी काढावी लागते. गाइडने दोन मठांचंच कबूल केलं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. मठांना तिकीट नाही. दानपेटी असते, तीत यथाशक्ती टाकायचं. बुरजाला बहुतेक वेळा कुलूप असतं. तो बघायचा असेल तर आत शिरल्या शिरल्याच किल्लीसाठी सांगून ठेवा. निघताना विचारलं तर किल्लीवाले अबूना प्रार्थनेला गेलेले असतात.