पायाखालची कणीक

उदोनची, म्हणजे जाड जपानी नूडल्सची, पहिली दोरी तोंडात होती. अर्धी आत, अर्धी वाडग्यात. तेव्हाच मला तो दिसला. वाफेच्या पलीकडे, शेडच्या मागच्या अंगाला, सत्तरी ओलांडलेले एक आजोबा हात पाठीमागे बांधून जागच्या जागी चालत होते. पायांत पांढरे मोजे, मोज्यांखाली जाड प्लास्टिक आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कणीक. मी चावत होतो तिचीच धाकटी बहीण.

आता गिळायचं की थुंकायचं?

तुम्हाला हसू येईल, पण आमच्या वेंगुर्ल्याच्या घरात तांदूळ पाखडायचं सूप कुणी चुकून ओलांडलं तरी आजी त्याला उलटं ओलांडून परत यायला लावायची. भाताच्या शिताला पाय लागला तर आधी नमस्कार, मग झाडू. या आजीने उभ्या आयुष्यात पाव खाल्ला नाही. बेकरीवाला सायकलवरून भोंगा वाजवत यायचा, आम्ही पोरं धावायचो आणि ती ओसरीवरून ओरडायची, "ता पायान तुडवतत रे! म्हणानच तेका पाव म्हणतत!" पुढे कॉलेजात कळलं की हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, पायाशी त्याचा काही संबंध नाही. ते ज्ञान मी सुट्टीत घरी जाऊन आजीला दिलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि बटाटावडा नेहमीसारखा नुसताच खाल्ला.

त्या आजीचा नातू जपानच्या कागावामधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, सकाळी सव्वानऊ वाजता, शब्दशः पायाने तुडवलेलं खात उभा होता.

इथवर आलो कसा, ते थोडक्यात. मी सहा वर्षं कोबेत आहे. भारतातून पाहुणे आले की क्योतो आणि ओसाका ठरलेलंच, त्यामुळे जपानमध्ये राहूनही मी जपान पाहुण्यांच्याच नजरेने बघत होतो. ऑफिसातला एक सहकारी मूळचा कागावाचा. कोबेच्या कँटीनमधला उदोन मी कौतुकाने खात होतो, तर हा माझ्याकडे असा बघत होता जसे आपण परराज्यात 'मालवणी फिश करी' मागवणाऱ्याकडे बघतो. शेवटी म्हणाला, शनिवारी चल. कोबेहून मध्यरात्रीनंतर एक फेरीबोट सुटते, ती पहाटे पाचच्या सुमारास कागावातल्या ताकामात्सुला पोचते. सतरंजीसारख्या गालिच्यावर सगळे ओळीने आडवे. आपली बॅग उशाला, दुसऱ्याचे पाय डोक्याशी. पंढरपूरच्या धर्मशाळेत झोपलेल्या कुणालाही हे नवीन वाटणार नाही.

कागावा हा जपानमधला सगळ्यात लहान प्रांत, आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षाही पुष्कळ लहान. एवढ्याशा जागेत उदोनची पाचशेच्या आसपास दुकानं. जुनं नाव सानुकी, म्हणून हा सानुकी उदोन. उत्तरेला समुद्रापलीकडे होन्शू बेटाचे डोंगर, दक्षिणेला कागावा ज्यावर आहे त्या शिकोकू बेटाचे, दोन्हीकडून पाऊस अडतो. पाऊस आमच्या कोकणाच्या निम्माही नाही, तेव्हा भाताचा भरवसा नाही. म्हणून जिकडे बघावं तिकडे तळी, आणि भाताच्या जोडीला गहू. मीठ समोरच्या समुद्राचं, सोया सॉस जवळच्या शोदोशिमा बेटावरचा. आता खरी गोष्ट अशी की आजच्या उदोनचा बहुतेक गहू ऑस्ट्रेलियातून येतो. हे ते लोक लपवत नाहीत, पण विषय काढलेला आवडत नाही. 'सानुकी नो युमे', म्हणजे सानुकीचं स्वप्न, नावाचं गव्हाचं स्वतःचं वाण त्यांनी तयार केलं आहे, ते मात्र न विचारता सांगतात. रत्नागिरीच्या पेटीत कर्नाटकचा आंबा निघतो तेव्हा आपण कुठे मोठ्याने बोलतो?

तर ती शेड. पाटी नाही. म्हणजे असेल, पण मला दिसली नाही. भाताच्या खाचरांमधून जाणारा अरुंद रस्ता, एक वळण, शेतात उभ्या आठ-दहा गाड्या आणि एक रांग. हे मुळात हॉटेल नव्हेच, 'सेइमेन्जो' आहे, म्हणजे नूडल्स करण्याचा कारखाना. माल आजूबाजूच्या दुकानांना जातो. गावातली माणसं सकाळी वाडगं घेऊन यायची, उभ्या उभ्या खायची, त्यातून एका कोपऱ्यात दोन बाकडी आली. अजूनही एवढंच. दुपारी एक-दोनपर्यंत किंवा कणीक संपेपर्यंत. संपली की बंद. इथे त्यासाठी लोक रात्रभर बोटीने येतात आणि कौतुक करतात. पुण्यात कुणी दुपारी शटर ओढलं की पन्नास वर्षं विनोद पुरतात. असो.

दारात पाऊल टाकलं आणि नाकाने मला सरळ वेंगुर्ल्याच्या बाजारात नेऊन उभं केलं. सुकट! तीच खारट, उन्हातली, थोडी उग्र वासाची लाट. इथल्या रश्श्याचा जीव 'इरिको'त असतो, म्हणजे उकडून सुकवलेले बोटभर मासे. आपल्या मांदेलीच्या भावकीतले. सगळ्यात चांगले इबुकी नावाच्या बेटावरचे, तिथे पकडल्यावर लगेच किनाऱ्यावर आणून उकडतात. तोक्योकडचा रस्सा काळपट, हा पारदर्शक, फिकट सोनेरी. कोबेत मी घरी सुक्या सुंगटांची किसमूर, म्हणजे सुक्या कोळंबीची कोशिंबीर, केली तेव्हा शेजारच्या बाईंनी फार नम्रपणे विचारलं होतं, की तुमच्याकडे काही बिघडलंय का. त्या दिवसापासून मी खिडक्या बंद करून किसमूर खातो. आणि इथे तोच वास घ्यायला रांग. नम्र बाईंना एकदा इथे आणायला हवं, असं मनात आलं ते लपवून काय उपयोग?

मागवायची पद्धत आधी डोक्यावरून गेली. 'हितोतामा' म्हणजे एक गुंडाळी, 'फुतातामा' म्हणजे दोन. पुढचा प्रश्न गरम की गार, पण दोनदा. आधी नूडल्सचं, मग रश्श्याचं. 'आत्सुआत्सु' म्हणजे दोन्ही गरम, 'हियाहिया' म्हणजे दोन्ही गार, 'हियाआत्सु' म्हणजे गार नूडल्सवर गरम रस्सा. माझ्या तोंडून काय बाहेर पडलं माहीत नाही, पण काकूंनी वाडग्यात गार गुंडाळी ठेवून ते हातात दिलं. गरम हवं असेल तर लांब दांड्याच्या गाळणीत घालून स्वतःच उकळत्या पाण्यात बुडवायचं, रस्सा टाकीच्या तोटीतून स्वतः घ्यायचा, कांद्याची पात, किसलेलं आलं, तळणीतले कुरकुरीत कण वरून हवे तितके. काकूंनी माझ्याकडे बघून काटा पुढे केला. सहा वर्षं इथे राहतो, काड्यांनी शेंगदाणा उचलतो, तरी काटा! मी तो आदराने परत केला आणि लगेच अर्धी कांद्याची पात जमिनीवर सांडली.

पैसे शेवटी. टोपलीत नाणी पडलेली. काय खाल्लं ते आपणच सांगायचं, आपणच टाकायचे, सुटे आपणच उचलायचे. एक वाडगं तीनशे येनच्या आतबाहेर, म्हणजे पावणेदोनशे रुपये. कुणी बघत नव्हतं. तुम्ही आता म्हणाल, बघा, किती प्रामाणिक लोक! भारतातून आलेला प्रत्येक पाहुणा हे म्हणतो, व्हिडिओ काढतो, आणि पुढचं वाक्य 'आपल्याकडे असं झालं तर...' असतं. मला त्या वाक्याचा कंटाळा आलाय. रांगेतली निम्मी माणसं त्या काकूंना नावाने ओळखत होती. आमच्या वाडीतल्या दुकानातही मी दहा वर्षांचा असताना पैसे न देता गोळ्या-बिस्किटं आणायचो. विश्वास आमच्याकडेही आहे, फक्त तो वहीत लिहून ठेवतात. (एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये आधी कूपन घ्यावं लागतं, हे मला आठवलं. पण मी ते सहकाऱ्याला सांगितलं नाही.)

तर पुन्हा पायांकडे.

मी गिळलं. त्याचं कारण संस्कार वगैरे नाही, कारण चव. दाताखाली आधी ती दोरी मऊ लागते, मग मध्येच प्रतिकार करते, वाकते पण तुटत नाही आणि शेवटी एकदम सुटते. याला इथे 'कोशी' म्हणतात. तोच शब्द कमरेसाठीही वापरतात, म्हणजे नूडल्सला कंबर असावी लागते! या कमरेसाठीच तो पाय. मैद्यासारख्या पिठात फक्त मीठ आणि पाणी. कणीक इतकी घट्ट की हाताने मळणाऱ्याचं मनगट जाईल. अंगाचं सगळं वजन टाचेने घालायचं, चपटी झाली की घडी, पुन्हा तुडवणं, पुन्हा घडी, मग झाकून विश्रांती. त्याने पिठातला चिकटपणा न फाटता थरावर थर बसतो. आजोबांच्या पावलांना लय होती. टाच, बोटं, थोडं वळण, टाच. गोल फिरत ते पुन्हा होते तिथेच येत. मिठाचं प्रमाणही ऋतूवर. जुनी म्हण आहे, उन्हाळ्यात एक वाटी मिठाला तीन वाट्या पाणी, थंडीत सहा. उन्हाने कणीक सैल होते, मीठ तिला आवरतं, आणि उकळताना त्यातलं बरंचसं मीठ पाण्यात उतरतं. आई पापडाचं पीठ भिजवताना आभाळाकडे का बघायची, हे मला इतक्या लांब येऊन कळलं.

हल्ली बहुतेक दुकानांत हे काम यंत्र करतं. सहकारी अपराधी चेहऱ्याने तेच सांगत होता, त्याने माझा चेहरा वाचला असावा. म्हणाला, प्लास्टिक असतं, मोजे वेगळे असतात, पायाचा कणकेला स्पर्श होतच नाही. मी म्हटलं, छे छे, मला काहीच वाटलं नाही. मग माझ्या मनाने वकिली सुरू केली. मळणीला बैल धान्य तुडवतातच की. कुंभार माती पायाने तुडवतो आणि त्याच मडक्यातलं पाणी आपण गोड म्हणून पितो. फेणीसाठी काजूची बोंडं पायाने तुडवतात, आणि आमच्या घरात ती कुणीच पीत नव्हतं असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. खटला तसा भक्कम होता. फक्त न्यायाधीशाच्या खुर्चीत आजी बसलेली होती.

दुसरा वाडगा घेतला. हियाआत्सु, या वेळी नीट उच्चारून.

शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना, कारण विचारणार हे माहीत आहे. रस्सा सगळा माशाचा, तो वगळा. नुसता सोया सॉस घालून मिळणारा 'किजोयू' उदोन मागा, पण बाटलीत माशाचा अर्क मिसळलेला असू शकतो, तेव्हा विचारून घ्या. भजी ज्या तेलात तळतात त्यात कोळंबीही तळलेली असते. बाकी देवावर सोडा.

देवावरून आठवलं. दुपारी कोतोहिराला गेलो, कोन्पिराच्या देवळात. मुख्य देवळापर्यंत ७८५ पायऱ्या. दर्यावर्दींचा देव, बोटी सुखरूप याव्यात म्हणून नवस बोलतात. कोन्पिरा हा शब्द मूळचा आपला 'कुंभीर', म्हणजे मगर. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे एवढ्या लांब आला. वेंगुर्ल्याच्या माणसाला दर्याच्या देवासमोर परकं वाटत नाही. पोटात चार दुकानांचा उदोन असल्यामुळे पायऱ्या मात्र परक्या वाटल्या. उदोनही याच वाटेने आला अशी आख्यायिका इथे सांगतात. कूकाई नावाचा साधू ७७४ मध्ये इथेच जन्मला, चीनला गेला आणि येताना उदोनची विद्या घेऊन आला. त्याने ८२१ मध्ये इथला मोठा मान्नो तलाव दुरुस्त करवला हा इतिहास आहे. नूडल्सचं मात्र भक्तांनी त्याच्या नावावर घातलं असावं. आपल्याकडेही गावातला प्रत्येक जुना दगड पांडवांनीच ठेवलेला असतो.

रात्री कोबेला परतल्यावर आईला फोन केला. "जेवलस काय रे?" हा पहिला प्रश्न. मी मोठ्या उत्साहाने सगळं सांगितलं, सुकटीचा वास, टोपलीतले पैसे, कुंभीर. आजोबांचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ मी काढला होता. पाठवू की नको असं करत शेवटी पाठवला. पलीकडे बराच वेळ शांतता. आजीला जाऊन अकरा वर्षं झाली, पण आई तिची सून म्हणून चाळीस वर्षं त्या ओसरीवर वावरली आहे. मी वकिली सुरू करणार, बैल, कुंभार, बोंडं, एवढ्यात ती म्हणाली, "मोजे धुतलेले दिसतत."

मग थोडं थांबून, "तुडवतत किती वेळ?"

मी म्हटलं, पंधरा-वीस मिनिटं असतील.

"तरीच," ती म्हणाली. "माझ्या शेवया तुटतत ता तेच्यामुळे."