गाळा त्यांचा, गिऱ्हाईक आपलं

छोट्या दुकानांचे आणि हॉटेलांचे हिशेब लिहिणं हे माझं काम. त्यामुळे भाडेकरार भरपूर वाचायला मिळतात, पण बहुतेक वेळा सही होऊन गेल्यावर. फाइल पुढे सरकवत दुकानदार म्हणतो, "ताई, भाडं झेपेल असं आहे. बाकी नेहमीचा छापील मजकूर." सगळी मेख त्या छापील मजकुरातच असते.

भर बाजारात गाळा घेताना घासाघीस होते ती भाड्यावर आणि डिपॉझिटवर. मी मात्र आधी दोन गोष्टी शोधते: मुदत संपल्यावर काय होणार, आणि जाताना जागा कशी परत करायची. भाडं महाग असेल तर पहिल्या महिन्यापासून कळतं. या दोन गोष्टी कळतात तेव्हा धंद्याचा जम बसलेला असतो.

हॉटेलवाल्यांचं दुखणं सगळ्यात मोठं. रिकाम्या गाळ्यात स्वयंपाकघर उभं करायचं म्हणजे धूर बाहेर काढणारं डक्ट थेट छपरापर्यंत न्यायचं, सांडपाण्यातलं तेल-तूप अडवणारा ग्रीस ट्रॅप बसवायचा, पाणी निचऱ्याकडे जावं म्हणून फरशी उखडून नव्याने उताराची घालायची, विजेचा लोड वाढवून घ्यायचा, गॅसची लाइन ओढायची. यातलं काहीही उचलून नेता येत नाही. नेता येतात त्या टेबलखुर्च्या, फ्रिज आणि भांडी. एका करारात मला सलग दोन पानांवर दोन कलमं दिसली. पहिलं म्हणे, भाडेकरूने केलेलं सर्व पक्कं काम मालकाच्या मालकीचं राहील. दुसरं म्हणे, मालकाने सांगितल्यास भाडेकरूने स्वखर्चाने जागा पूर्ववत करून द्यावी. म्हणजे उपयोगाचं असेल तर त्यांचं, अडचणीचं असेल तर तोडायचा खर्च आपला! आणि हा काही अपवाद नव्हे. ही जोडी मला वारंवार भेटते.

मग येतं कराराचं नूतनीकरण. "उभयपक्षी संमतीने, त्या वेळच्या बाजारभावाने" हे वाक्य वाचून दुकानदार निर्धास्त होतो. त्यात त्याला कसलाही हक्क दिलेला नसतो. संमती नाही दिली की विषय संपला. आणि बाजारभाव तरी येतो कुठून? ओस पडलेल्या गल्लीत चार जण धंदा मांडतात, दिवे उशिरापर्यंत चालू ठेवतात, लोकांची पावलं वळायला लागतात. मग शेजारचा गाळा चढ्या भाड्याने जातो आणि तोच आकडा या चौघांपुढे बाजारभाव म्हणून ठेवला जातो. आपणच जमवलेल्या गर्दीचं भाडं आपणच भरायचं. शिवाय डक्ट-फरशीत किती पैसा गाडला गेलाय हे मालकाला पक्कं ठाऊक असतं. जागा बदलायला जेवढा खर्च येईल त्याच्या जरा खाली वाढ मागितली की भाडेकरू मुकाट्याने भरतो.

यावर काही करता येत नाही असं मुळीच नाही. इंग्लंड-वेल्समध्ये १९५४च्या कायद्याने व्यावसायिक भाडेकरूला नूतनीकरण मागण्याचा हक्क दिला. नवं भाडं ठरवताना भाडेकरूच्या धंद्याने त्या जागेला आलेलं गुडविल, म्हणजे नावलौकिकाची किंमत, न्यायालयाने हिशेबात धरायचं नाही, असं त्यात लिहिलंय. त्याने स्वखुशीने केलेल्या सुधारणाही काही अटींवर बाजूला ठेवायच्या. मला हे कलम फार आवडतं. अर्थात पळवाट आहेच: करार सुरू होण्याआधी ठरावीक नोटीस देऊन भाडेकरूकडून हा हक्क सोडून घेता येतो, आणि गाळ्यासाठी आसुसलेला माणूस सही करतोच. फ्रान्समध्ये दुकानाचा करार किमान नऊ वर्षांचा असतो, भाडेकरू सहसा दर तीन वर्षांनी बाहेर पडू शकतो, आणि मालकाने सबळ कारणाशिवाय नूतनीकरण नाकारलं तर नुकसानभरपाई द्यावी लागते. आयर्लंडने २८ फेब्रुवारी २०१० पासूनच्या नव्या करारांत 'फेरआढाव्यात भाडं वरच जाईल, खाली कधीच नाही' हे कलम बाद केलं. तोवर मंदीतही चढं भाडं भरत राहावं लागे.

मालकांची बाजू मला दिसत नाही असं नाही. त्यांच्या डोक्यावर कर्ज असतं, कर असतो, आणि थकबाकी ठेवून रातोरात पसार होणारे भाडेकरूही असतात. पण "गाळा वर्षभर रिकामा ठेवतील, भाडं कमी करणार नाहीत, हा कसला हट्ट?" असं मला सतत विचारतात. तो नुसता हट्ट नसतो. व्यावसायिक इमारतीची किंमत तिच्या भाड्यावरून काढतात आणि बँक त्या किमतीवर कर्ज देते. एका गाळ्याचं भाडं कागदोपत्री उतरलं की सगळ्या इमारतीचं मूल्यांकन हलतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी मार्च २०२० मध्ये दीर्घकाळ रिकाम्या राहणाऱ्या दुकानांवर कर लावायला मंजुरी दिली, ती याच दुखण्यावर. म्हणून मी सांगते, आकडा कमी करून मागू नका, गाळा सजवण्याचं काम चालू असतानाचे महिने बिनभाड्याचे मागा. कागदावरचा आकडा तसाच राहतो आणि मालक ऐकून घेतो.

करोनाच्या वर्षात कॅनडाने छोट्या व्यावसायिकांच्या भाड्यासाठी मदत काढली, पण अर्ज करायचा होता मालकाने! ज्याच्या मालकाला ती कटकट नको होती तो भाडेकरू हात चोळत बसला. पुढे त्याच वर्षीच्या शरद ऋतूत नवी योजना आणून पैसे थेट भाडेकरूला दिले गेले.

वैयक्तिक हमीबद्दल, म्हणजे कंपनीने भाडं थकवलं तर मी स्वतः भरीन असं लिहून देण्याबद्दल, थोडक्यात. कंपनी काढली म्हणून घर सुरक्षित असं समजू नका, हमीवर सही केली की कंपनीचा आडोसा गेला. न्यूयॉर्कमध्ये हमीचा एक बरा प्रकार चालतो: रीतसर सूचना देऊन, तोवरचं भाडं चुकतं करून किल्ल्या परत केल्या की पुढच्या भाड्याची हमी संपते. हा प्रकार निदान मागून तरी बघावा.

आणि विक्री. चालतं हॉटेल विकायला काढलं की घेणारा सर्वात आधी विचारतो, "करार किती वर्षं उरलाय?" माझ्या एका अशिलाच्या करारात थोडेच महिने उरले होते आणि हस्तांतरणाला मालकाची परवानगी हवी होती, तीही पूर्णपणे त्यांच्या मर्जीवर. गल्ला उत्तम, गिऱ्हाईक बांधलेलं, आणि भाव आला तो भांड्याकुंड्यांचा. हल्ली सहीआधी कोणी करार आणलाच तर हस्तांतरणाच्या कलमात मी पेनाने भर घालते: "परवानगी वाजवी कारणाशिवाय नाकारता येणार नाही." यावर मालक सहसा फारसे अडून बसत नाहीत.