डिपस्टिक खुणेच्या वर तेल दाखवत होती

जुलैच्या अखेरीस, पाऊस ऐन भरात असताना, सिंहगड रस्त्यावरील माझ्या गॅरेजमध्ये एक निवृत्त गृहस्थ आपली आल्टो ८०० घेऊन आले. गाडी गरम झाल्यावर सिग्नलला थांबले की ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो आणि ॲक्सिलरेटर दिला की विझतो, एवढीच त्यांची तक्रार होती. आधी एका ठिकाणी ऑइल प्रेशरचा स्विच बदलून झाला होता, तरीही दिवा लागतच होता. दुसऱ्या दिवशी पहाटे पत्नीला घेऊन ते कोल्हापूरला निघणार होते, आणि त्यांना माझ्याकडून फक्त ‘गाडी जाईल’ एवढा शब्द हवा होता.

मी गाडी सपाट जागेवर थंड होऊ दिली आणि डिपस्टिक, म्हणजे इंजिनातल्या तेलाची पातळी दाखवणारी पट्टी, काढली. तेल कमी असेल अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते वरच्या खुणेच्याही वर होते. तेलाची पातळी आपोआप वाढत नाही. त्यात पेट्रोल उतरले असेल म्हणून वास घेतला, पाणी मिसळले असेल म्हणून रंग पाहिला. दोन्ही ठीक होते. दोन महिन्यांपूर्वी तेल मोजून भरल्याची पावतीही त्यांनी दाखवली. तेल तेवढेच असून पातळी चढली असेल, तर ज्या भांड्यात ते साठते ते भांडेच लहान झाले असले पाहिजे, हे तेव्हा माझ्या लक्षात आले.

“काका, गाडी खालून कुठे आपटली होती का?”

“आपटली असं नाही, पण गेल्या आठवड्यात चाक चेंबरमध्ये गेलं होतं. मी लगेच उतरून खाली वाकून बघितलं. तेलाचा एक थेंबही नव्हता.”

डांबराचे थर एकावर एक चढत जातात आणि ड्रेनेजच्या चेंबरचे झाकण मात्र जुन्याच पातळीवर राहते. त्यावर पाणी साचले की चार बोटे खोली आहे की वीतभर, हे चालकाला कळायला मार्ग नसतो. आमच्या धंद्यात इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यालाही चेंबरच म्हणतात.

गाडी रॅम्पवर घेतल्यावर सगळे दिसले. बंपरची खालची कड घासली होती, त्यामागच्या आडव्या पट्टीवर ओरखडा होता आणि त्याच रेषेत चेंबरचा पत्रा मुठीएवढा आत दबला होता. पत्रा फाटला नव्हता, म्हणूनच तेल गळले नाही आणि म्हणूनच काकांची फसगत झाली. चेंबर उतरवले तेव्हा दबलेला भाग ऑइल पंप जिथून तेल खेचतो त्या जाळीच्या तोंडाला जवळजवळ टेकलेला आढळला. गरम तेल पातळ होते, इंजिन मंद फिरताना पंपही मंद फिरतो, आणि त्यात जाळीचे तोंड अर्धेअधिक झाकलेले. तेलाचा दाब घटून सिग्नलवर दिवा लुकलुकण्याचे कारण एवढेच होते. वाटेतल्या खंबाटकी घाटाच्या चढावर भरल्या गाडीने ताण घेतला असता, तर क्रँकच्या बेअरिंगांना तेल पुरलेच असते, अशी खात्री मी देऊ शकत नव्हतो. उतरवलेले तेल मी उन्हात परातीत धरून पाहिले. त्यात धातूची चमक नव्हती, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

ओरखड्यांच्या रेषेने मला आणखी एक गोष्ट सांगितली. खड्डा दिसताच काकांनी ब्रेक दाबला होता आणि चाक खड्ड्यात उतरेपर्यंत तो सोडलाच नव्हता. ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे येते, नाक खाली जाते आणि पुढच्या स्प्रिंगा आधीच दबलेल्या असल्याने धक्का सोसायला त्यांच्यात जागा उरत नाही. या गाडीची जमिनीपासूनची उंची रिकामी असताना १६० मिमी आहे. माणसे आणि सामान भरल्यावर ती आणखी घटते. १४५/८० मापाच्या टायरची बाजूची भिंत तर जेमतेम ११६ मिमी. म्हणून वेग आधी कमी करावा आणि चाक खड्ड्यात उतरण्यापूर्वी ब्रेक सोडून द्यावा. टायरमध्ये हवा कमी असेल तर रिम वाकते आणि टायरला फुगा येतो; फार जास्त असेल तर धक्का थेट शॉकअप (धक्का शोषणारा दांडा) आणि लोअर आर्मला (चाक धरून ठेवणारा खालचा दांडा) बसतो. दरवाजाच्या चौकटीवरील स्टिकरवर दिलेला दाबच योग्य.

काकांनी उंची वाढवणाऱ्या स्प्रिंग बफरबद्दल विचारले. मी ते बसवत नाही, कारण स्प्रिंग कडक झाली की तिचा भार शॉकअपवर येतो. इंजिनाखाली बसवायचा संरक्षक इंजिन गार्ड मात्र चांगला, फक्त तो चेंबरला चिकटून नसावा.

नवे चेंबर, नवे फिल्टर आणि ताजे तेल घातले, पण जोडाचे सीलंट रात्रभर सुकू देणे आवश्यक होते, त्यामुळे कोल्हापूर एक दिवस पुढे गेले. काकूंनीच फोनवर ते निमूटपणे मान्य केले. दुसऱ्या दिवशी मी काकांच्या शेजारी बसून त्याच चेंबरपर्यंत गेलो. “आता सोडा,” मी म्हणालो. त्यांनी ब्रेकवरून पाय उचलला, चाक हळूच उतरले आणि वर आले. खालून आवाज आला नाही. काकांनी पुढच्या चौकातून गाडी वळवली आणि मला न विचारता पुन्हा त्याच चेंबरकडे नेली.