परतीचं तिकीट काढू नका: भोपाळच्या एसएसबीचे पाच दिवस

एनडीएच्या, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, लेखी परीक्षेचा निकाल लागला आणि घरात मी तिथे दाखल झाल्यासारखेच पेढे वाटले गेले. गणिताचे 300, सामान्य क्षमता चाचणीचे 600 आणि एसएसबीचे, म्हणजे सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या मुलाखत-चाचण्यांचे, 900 गुण, म्हणजे अर्धी लढाई अजून बाकीच होती. पण पेढे वाटणाऱ्याला हे कोण सांगणार? एसएसबीसाठी भोपाळ केंद्र मिळालं. बाबांनी उत्साहाच्या भरात जाण्याचं आणि येण्याचं तिकीट एकदमच काढून टाकलं.

इथेच चुकलं. एसएसबीहून परतण्याच्या तीन वेगवेगळ्या वेळा असतात. पहिल्या दिवशीच्या स्क्रीनिंगमध्ये उडालात तर त्याच दिवशी बॅग उचलायची. पुढे टिकलात तर पाचव्या दिवशी, कॉन्फरन्स (सगळ्या परीक्षकांसमोरची शेवटची भेट) झाल्यावर. आणि निवड झाली तर मेडिकलसाठी आणखी काही दिवस तिथेच मुक्काम. यातली आपली वेळ कोणती, ते आधी कुणालाच माहीत नसतं. तेव्हा जातानाचंच तिकीट काढा आणि ते जपून ठेवा. त्या प्रकारच्या प्रवेशासाठी (जसं की एनडीएसाठी) पहिल्यांदाच जात असाल तर थ्री टियर एसीचं जाण्यायेण्याचं भाडं मिळतं. दुसऱ्यांदा गेलात तर खर्च आपला.

कागदपत्रांचं आधीच बघा. दहावीची गुणपत्रिका वेगळी आणि बोर्डाचं प्रमाणपत्र वेगळं. दोन्ही मूळ प्रती लागतात. आपल्या बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी येतं आणि आधारवर शेवटी, त्याचं फार टेन्शन घेऊ नका. स्पेलिंगमधला फरक मात्र निस्तरून जा. माझ्या आडनावात आधारवर एक जादा ‘एच’ घुसलेला होता, तो मला निघायच्या दोन दिवस आधी दिसला. मग वकील, प्रतिज्ञापत्र, बाबांची अर्धी रजा. पासपोर्ट फोटोंची चळत आणि पालकांच्या सहीचं जोखीम प्रमाणपत्रही (चाचण्यांत दुखापत झाली तर जबाबदारी आमची, असं लिहून दिलेलं) फाइलमध्ये हवं. पांढरा टीशर्ट आणि शॉर्ट्सचे दोन जोड न्या, एक जोड मैदानात मातीत जातोच.

पहिला दिवस स्क्रीनिंगचा. बुद्धिमत्ता चाचणीचे पेपर झाले की पडद्यावर एक धूसर चित्र 30 सेकंद दिसतं आणि त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची. इथवर सगळं ठीक. त्यानंतर गटात बसून प्रत्येकाने आपली गोष्ट सांगायची आणि मग सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची, तेव्हा अक्षरशः मासळी बाजार होतो. आमच्या गटात पहिली दोन मिनिटं कुणालाच कुणाचं ऐकू येत नव्हतं. मी दोनदाच बोललो. एकदा स्वतःचं म्हणणं मांडलं आणि एकदा ‘याची गोष्ट पूर्ण ऐकून घेऊया’ म्हणालो. निवडलेल्यांचे नंबर वाचले त्यात माझा होता, पण त्याचं श्रेय त्या दोन वाक्यांना द्यायचं की नशिबाला, सांगता येणार नाही. मराठी माध्यमातल्यांना एवढंच सांगेन की चारपाच मित्र जमवून, घड्याळ लावून, इंग्रजीत गोष्ट सांगण्याचा सराव करा. साधं इंग्रजी चालतं. अडखळत थांबून राहिलात तर पंचाईत.

मानसशास्त्राच्या चाचण्यांबद्दल फार लिहीत नाही. 60 शब्द, प्रत्येकावर 15 सेकंदांत एक वाक्य लिहायचं. मग 60 प्रसंग, त्यात आपण काय करू ते 30 मिनिटांत लिहायचं. पाठ केलेली वाक्यं पंधराव्या शब्दापर्यंत पुरतात, मग हात आपोआप खरं लिहायला लागतो.

जास्त जपायला हवं ते पीआयक्यू नावाच्या फॉर्मला. छंद, खेळ, घरची माहिती, जबाबदाऱ्या, सगळं त्यात भरायचं असतं आणि मुलाखत तिथूनच निघते. मी छंद लिहिला होता ट्रेकिंग. ‘शेवटचा ट्रेक कुठला? किती जण होतात? पैशांचा हिशेब कुणाकडे? कुणी आजारी पडलं का?’ प्रश्नांची नुसती माळ. कळसूबाईची उंची विचारली, 1646 मीटर सांगितली. ‘वरून कुठले किल्ले दिसले?’ मी म्हणालो, ‘सर, ढग होते, काहीच दिसलं नाही.’ मुलाखत घेणारे अधिकारी हसले. तिथपर्यंत छान चाललं होतं. पण त्याच फॉर्ममध्ये मी ‘रोज वर्तमानपत्र वाचतो’ असंही ठोकून दिलं होतं. त्यांनी शेवटी वाचलेला अग्रलेख विचारला आणि मी पंख्याकडे बघत बसलो. फॉर्मची झेरॉक्स घरी महिनाभर आधी भरून बघा, आणि घरातल्या कुणाला तरी त्यावर उलटतपासणी घ्यायला लावा. माझी धाकटी बहीण अकरावीत आहे, आता ती माझ्याकडूनच स्वतःची घेऊन घेते. मे 2025 मध्ये मुलींची पहिली तुकडी, 17 जणी, खडकवासल्याहून बाहेर पडली तेव्हापासून तिने हे मनावर घेतलंय. दहावीत असाल तर छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था मुलांसाठी आणि नाशिकची मुलींसाठी, दोन्हींची प्रवेश परीक्षा चुकवू नका. तिथे अकरावी-बारावीची दोन्ही वर्षं या तयारीत जातात.

मैदानावर फळी, बल्ली (लाकडी वासा) आणि दोरी घेऊन गटाने अडथळे पार करायचे, लाल रंगाला कुणी हात लावायचा नाही. मी पुढे होऊन फळीला बल्ली बांधली. वजन पडताच गाठ सरकली आणि बल्ली फिरली. शेजारचा मुलगा तोवर एक शब्द बोलला नव्हता. त्याने गुडघ्यावर बसून दोरी सोडली, उलटसुलट तीन वेढे दिले आणि खेचून दाखवली. त्याच्या घरी गुरं होती, दावं बांधण्याची सवय. कॉन्फरन्सनंतर जे मोजके नंबर वाचले त्यात त्याचा होता, माझा नव्हता. एकट्याने करायचे दहा अडथळे असतात आणि वेळ तीन मिनिटं. दोरीवर चढण्याची सवय नसेल तर आजपासून करा. दंड आणि सिटअप्स निदान 20, चिनअप्स आठ, एवढं तरी अंगात हवं.

छातीवर लावायला दिलेला चेस्ट नंबर परत केला, जमा केलेला मोबाइल घेतला आणि बाबांना फोन लावला. कॉन्फरन्स पाचव्या दिवशी दुपारीच आटोपली होती आणि बाबांनी काढलेलं तिकीट दुसऱ्या दिवशीचं होतं. रात्र स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये काढली. सोबत आमच्याच गटातले दोघं होते. वय साडेसोळा ते साडेएकोणीसमध्ये बसतं तोवर वर्षातून दोनदा परीक्षा असते, म्हणून तिथेच बाकावर बसून आम्ही पुढच्या फॉर्मची तारीख शोधली. गाठ कशी मारायची ते त्या मुलाकडून मी निघताना शिकून घेतलं होतं. बॅगेच्या पट्ट्यावर रात्रभर तीच मारत बसलो.